टिटव्यांचं लुगडं

आबा, परवा नाशिकला मी एका अनोळखी मुलीशी भांडले, तुमच्यावरून. इंडोनेशियातल्या कापडांचं प्रदर्शन होतं. मी मुद्दाम तुम्ही रंगवलेलं लुगडं नेसून गेले. माहिती सांगणारी मुलगी वाकून पदर न्याहाळू लागली आणि सौम्यपणे म्हणाली, "काकू, नक्षी जावाची आहे, पण नक्कल. पक्षी चुकलेत. दुसऱ्यांचा वारसा असा कुणीही उचलायचा नसतो." मी म्हटलं, "उचललेला नाही, दिलेला आहे." मग आवाज चढला, माझाच. लोक बघायला लागले. बघू दे म्हटलं. तिला सगळं सांगायला सवड नव्हती, म्हणून तुम्हालाच सांगते, तुम्हाला ठाऊक असलेलं.

तुम्ही इंग्रजांच्या पलटणीत ट्रक चालवायचात. महायुद्ध संपलं आणि तुमची तुकडी जावात उतरवली. तिथले लोक स्वातंत्र्य मागत होते आणि बंदूक तुमच्या हातात होती. हे सांगताना तुमचा आवाज नेहमी खाली यायचा. एका संध्याकाळी एका अंगणात कातडी बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ चालला होता. पडद्यामागून आपल्याच कथेकऱ्याच्या तोंडची पुराणातली नावं ऐकू आली, तसे तुम्ही तिथेच खाली बसलात. ते अंगण एका म्हातारीचं. ती मेणानं कापड रंगवायची. पुढे सवड मिळेल तेव्हा तुम्ही तिच्याकडे जात राहिलात. गरम मेणानं रेघा काढायच्या, कापड रंगात बुडवायचं, मेण उकळून काढलं की रेघा पांढऱ्या उरतात, एवढं तिनं खुणांनी शिकवलं. निघताना आपली तोटीची तांब्याची लेखणी तिनं तुमच्या मुठीत दाबली.

मी लहान आहे. कापूस वेचून झालाय. खांडबाऱ्याच्या बाजारात डोंगरातली माणसं आणतात ते मेण चुलीवर पातळ करून तुम्ही ओट्यावर बसता, मांडीवर कापड पसरता. मोठे काका, तुमचे थोरले भाऊ, शेतातून येतात आणि उभ्याउभ्याच ओरडतात, "पाटीलना घरना माणूस, नि रंगारीनं काम करी ऱ्हायना! लोके हासी ऱ्हायनात." तुम्ही मान वर करत नाही. "हासू दे. तू बोलना का मन्ही रेघ वाकडी व्हई जास." म्हातारीच्या कापडावर कुठल्याशा मोठ्या पक्ष्याचे पंख असायचे. तुम्ही तापीच्या वाळूतल्या टिटव्या काढल्यात. आईनं विचारलं तर म्हणालात, "तिन्हा पक्षी मी देखेल नही. टिटवी देखेल शे."

माझ्या लग्नासाठी तुम्ही हेच लुगडं केलंत, गडद निळं आणि तपकिरी. मांडवात मला बघून सासूबाई ताडकन म्हणाल्या, "हाई काळं लुगडं मांडवमा चालाव नही. बदली टाका." काका धावत जाऊन शालू घेऊन आले. सगळे तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही माझ्याकडे. "बेटा, तू सांग." त्या काळात मांडवात नवरीला कोण विचारायचं? तुम्ही विचारलंत, ते मला अजून पुरतंय. मी म्हटलं, "हाईच नेससू. नही ते मी उभी ऱ्हास नही." शेवटी, तोवर तोंड न उघडलेला नवरदेव म्हणाला, "माय, मुहूर्त जाई ऱ्हायना." अंतरपाट धरला गेला. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं लुगडं वाळत घातलेलं दिसलं की त्या तोंड फिरवायच्या, आणि मी ते पुढच्या दारीच वाळत घालायची.

त्या मुलीचंही अगदीच खोटं नव्हतं. तिकडे कुठली नक्षी कुणी नेसावी याचे रिवाज असतील, ते तुम्हाला कळले नसतील, मलाही कळत नाहीत. पण कापड काचेआड ठेवलं तरच ते त्यांचं राहतं, हे मी मानणार नाही. परक्या शिपायाला त्या म्हातारीनं जवळ बसवून शिकवलं, तेव्हा कुणाची परवानगी मागितली होती? येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, हेच नेसून. बोलू दे तिला.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून एक गोष्ट बिनघोर लिहिते. मांडवात मी हटून बसले ती तुमच्यासाठी, रंगासाठी नाही. काकांनी आणलेला शालू लालभडक होता, आबा, आणि मला तोच हवा होता.