अण्णांच्या रायफलची सैल नळी

वरसे, सोमवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. महिनाभर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची गोळी रानडुकराला सोडून भलतीकडेच जात होती. पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या बंदूक-दुरुस्तीवाल्यानं रायफल हातातही न घेता सांगितलं, "काका, तुमचे हात थरथरतात." अण्णांना ते खरं वाटलं. त्यांनी भाताची राखण सोडली.

आज रिकामी रायफल पुसताना नळी माझ्या मुठीत हलली. चक्क हलली! अण्णांना घेऊन तडक त्याचं दुकान गाठलं. त्यानं दस्ता घट्ट धरून नळी पिळून पाहिली.

"व्हय गो, ढिली हाय. स्क्रू सुटलाय."

एवढंच? चुकलो म्हणायला काय जात होतं? वर अण्णाच त्याला म्हणाले, "तुला उगाच त्रास दिला."

त्याला त्रास! परतताना पूलभर मी अण्णांवरच ओरडत आले. ते मात्र महिन्यात पहिल्यांदा हसत होते.