बारीक अक्षरातली ओळ

प्राग, सोमवार

माझी लाडकी आई,

बाबा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा.

तुझ्या बुबुळातलं पाणी उपसणाऱ्या पेशी थकल्यात, म्हणून सगळं धुरकट दिसतं. शुक्रवारी डॉक्टर नवा पापुद्रा बसवतील. तो चिकटेपर्यंत दोन दिवस उताणी पडून राहा. "मी काय मेलेय का?" म्हणू नकोस. आणि आपल्या बल्गेरियन सवयीने मान आडवी हलवून 'हो' म्हणू नकोस, तोंडाने बोल. त्या सवयीपायी इथे मला कॉफी मिळत नाही!

आमच्या प्रयोगशाळेत अशाच पेशी वाढवतो. परवा निम्म्या वाढायच्या थांबल्या, पण त्या काचेच्या बशीतल्या, तुझ्या नव्हेत.

शेळीची धार कोण काढणार? मी तिकडे यायला रजा तिसऱ्यांदा मागितलीय.

डोळ्यावरची पट्टी निघाली की बारीक अक्षरातली शेवटची ओळ तू वाच. बाबा, तुम्ही नाही.

तुझी रादका

आई, घाबरली होती ती मीच.