उर्वरित नावाचं फील्ड

३ नोव्हेंबर
आले एकदाची हैदराबादला! लग्नानंतर वर्षभर मिलिंद इथे नि मी पुण्यात, ते संपलं. नोकरीही त्याच्याच कंपनीत लागली. तो विक्रीत, मी विक्रीवाल्यांचं कमिशन काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर. विद्यानगरचा फ्लॅट छोटा, पण गॅलरीत उन्हं मस्त येतात. मिलिंदने आलं ठेचून चहा केला. वेलची मला सोसत नाही, हे पठ्ठ्याच्या बरोबर लक्षात होतं.

५ नोव्हेंबर
ऑफिसात शेजारच्या टेबलावरची प्रणिता सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घरातली. तिने काम समजावलं. सॉफ्टवेअर सूत्रं लावून बरंच काही आतल्या आत काढतं. त्या प्रत्येक आकड्याचं एक फील्ड. पण टिक केल्याशिवाय ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. म्हणजे शिजलंय, पण पानात वाढलेलं नाही. साहेबांना सगळं वाढलेलं हवंय, तेच माझं काम.

७ नोव्हेंबर
सगळ्या फील्डना टिक झाली. एकच राहिलं, 'उर्वरित'. माझ्या जागी आधी हर्षद होता, तो शेवटी शेवटी कुणाला त्याला हात लावू देत नसे म्हणे. प्रणिताही म्हणाली, नक्को गे, ते ऱ्हाऊ दे. कारण सांगेना. कारण कळल्याशिवाय ऐकायला मी काय कुकुलं बाळ आहे? केली टिक. प्रत्येक विक्रीवाल्याच्या नावापुढे शंभर आलं. शंभर कसले, सूत्रावरून काही कळेना. घरी मिलिंदला म्हटलं, पैकीच्या पैकी मार्क पडलेत तुला.

१२ नोव्हेंबर
आज चहात वेलची होती. चिडवलं, तर मिलिंद गोंधळून बघत राहिला. दुपारी आबिड्सच्या गिऱ्हाइकाकडे निघाला आणि वाटेतून फोन करून मलाच रस्ता विचारू लागला. तो भाग त्याच्या पायाखालचा आहे. रिपोर्ट उघडला. सगळ्यांचेच आकडे उतरलेत, मिलिंदचा सर्वांत जास्त.

१४ नोव्हेंबर
प्रणिता मला हर्षदच्या घरी घेऊन गेली. खिडकीशी बसला होता, छान दाढी केलेला. स्वतःच्या आईला 'अहो बाई' म्हणतो. बाहेर आल्यावर प्रणिताने सांगितलं. त्यानेही ते फील्ड रिपोर्टला दिलं होतं. लोक विसरायला लागले, तेव्हा त्याने सूत्रात सगळ्यांच्या जागी स्वतःला घातलं. लोक बरे झाले. तो शून्यावर आला आणि टिक आपोआप निघाली. आधी का नाही सांगितलंस म्हणून मी भांडले. ती म्हणाली, तू हसली असतीस. हसले असते, खरंच.

१७ नोव्हेंबर
टिक निघत नाही. फील्ड रिपोर्टमध्ये वापरात आहे, म्हणतं. रिपोर्ट पुसायला गेले, तर तो ज्याच्याकडे जातो त्याची परवानगी हवी. यादीत सगळ्यात वर, मोठ्या साहेबांच्याही वर, एक ओळ. नाव नाही. मी बघत असतानाच तिथे खूण उमटली – रिपोर्ट वाचला.
पानात वाढलं की जेवणारा येणारच. आणि मीच वाढलंय. मला फार भीती वाटतेय.

१८ नोव्हेंबर
मिलिंदला घरी बसवलं, तरी आकडा उतरतोच आहे. सासूबाईंचा फोन आला. या कोण, म्हणाला. मी रडले. त्याने पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेने विचारलं, की तुमचं नाव काय –

२० नोव्हेंबर
घातलं स्वतःला. सगळ्यांच्या जागी. हर्षदसारखं.
संध्याकाळी मिलिंदने हाक मारली. रसिका! माझं नाव! चहाही केला, वेलची न घालता. त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो माझ्या जागी स्वतःला घालेल –

२४ नोव्हेंबर
पुण्याचं घर – दाराचा रंग – कुणाचं घर ते –
मिलिंद माझा नवरा. मिलिंद माझा नवरा. हे रोज वाचायचं.

नोव्हेंबर
ऑफिसात एक मुलगी हात धरून रडली. गोड बोलते. कोण –

आज
घरात एक माणूस आहे. मी आतून कडी लावलीये. बाहेरून रसिका, रसिका म्हणून हाका मारतोय. ती कोण, इथे मी एकटीच – दार ठोठावतोय – रडतोय – म्हणतो चहा आणलाय, वेलची नाही घातली, उघड ना –
वेलची म्हणजे –