ताईच्या मलिद्याचे पोहे

आवडी, २० जानेवारी १९९१

ताईला पाठवायचं पार्सल पोस्टानं घेतलंच नाही. इस्रायलची विमानं बंद आहेत म्हणे. आत अलिबागहून मागवलेले पोहे. तिकडे जाऊन वीस वर्षं झाली, तरी नवसाच्या मलिद्याला, आपल्या ज्यूंच्या त्या गूळ-खोबऱ्याच्या प्रसादाला, तिला आपलेच पोहे लागतात.

तिचं पत्र आखातातली लढाई सुरू होण्याआधीचं. नातवाला विषारी वायूसाठी मुखवटा मिळालाय, खिडक्यांना चिकटपट्टी लावायला सांगितलंय. पुढे लिहिते, "ही लढाई संपेल रे. पण हा मोठा होईल तेव्हा आपला देश असेल का?"

मला विचारते! परवापासून फोनसुद्धा लागत नाहीये.

शेजारचे राव म्हणाले, "बहिणीला इकडे बोलवून घ्या." बोलावलं आणि ती आली, तर मग गेली कशाला होती?

माझी बायको लेया म्हणाली, "आपणच करू या मलिदा, ताईच्या नावानं." प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अख्ख्या आवडीत ज्यू पुरुष मी एकटा. तरी पार्सल फोडायला बसलो. चिकटपट्टी मीच लावलेली, तीन पदरी. नखानं निघेना. लेया सुरी घेऊन आली, तर तिच्यावर उगाच खेकसलो, "राहू दे!"

ताईच्या खिडकीवरची पट्टीही अशीच असू दे.