हवा जड की पाणी?

सिरसाळा, दसऱ्यानंतरचा सोमवार, संध्याकाळ

नववीला घनता शिकवताना फळ्यावर पाणी १, हवा १.२ लिहिलं. मुक्ता म्हणाली, "सर, हवा पान्यापेक्षा जड हाय?" मी खेकसलो, "बस खाली!" का ओरडलो? एककं लिहायची माझीच राहिली होती. पाणी घनसेंटिमीटरला एक ग्रॅम, हवा लिटरला १.२ ग्रॅम. हवा इतकी हलकी की लहान मापात नुसती शून्यंच येतात, म्हणून मोठं माप.

यंदाही पाऊस नाही. मुक्ता उद्या आईबापासोबत सहकारी कारखान्यावर ऊसतोडीला निघणार. राहवेना, तिच्या घरी गेलो. ट्रकमध्ये भांडी चढवत होती.

"चूक माझी होती गं. तुझा प्रश्न बरोबर होता."

हातातलं भांडं आत ठेवून ती म्हणाली, "मला वाटलं, मलाच कळत न्हाई. वह्या देऊन टाकल्या, सर."