सूनबाईचा घास

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! पालीहून एसटीने अलिबाग, तिथून रिक्षाने किहीमच्या पुढे खाडीकाठी, थेट माशांच्या कारखान्याच्या दारात. आयटीआय केल्याचं अखेर सार्थक झालं. भावाच्या घरी मी आयतं खाते, हे वहिनीने मला उठता-बसता ऐकवलं. आता ऐकव म्हणावं भिंतींना! नोकरी माझी, खोली माझी, आणि भात करपला तरी तो माझाच.

खोली कोळीवाड्यात मिळाली, नीराबाईंच्या पडवीत. नीराबाई साठीच्या, एकट्याच राहतात. कारखान्यात कोलंबी सोलतात आणि हात असा चालतो की नजर पुरत नाही. आल्या आल्या मला सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचं, कालवण वाढलं, वर म्हणाल्या, डोंगराकडची दिसतेस, काट्याचं जपून खा गो. मी म्हटलं, सोड्यांना काटे कधी फुटले? मनापासून हसल्या. आमचं जमणार.

५ नोव्हेंबर
माझं काम म्हणजे नव्या रोबोची देखभाल. टेबलाला बसवलेले दोन पोलादी हात, पाच-पाच बोटांचे. बायकांनी त्याचं नाव ठेवलंय सूनबाई. नीराबाई तारा लावलेले हातमोजे घालून कोलंबी सोलतात आणि सूनबाई ते बघून शिकते. शिकते कसली, चिरडते! टेबलावर नुसता लगदा. आमचा इंजिनिअर सुजित नवी मुंबईचा. दिवसभर त्याचं एकच, मॅडम, डेटा कमी पडतोय. बायका म्हणतात, माहेरी काय शिकवलंच न्हाय हिला.

८ नोव्हेंबर
आज गंमतच झाली. इथे नवी सून आली की सासू तिच्या हातांवर आपले हात ठेवून मासळी साफ करायला शिकवते. माझा हात घे, असं म्हणते. मग त्याच मासळीचं कालवण करून सून पहिला घास सासूला भरवते. तोवर म्हणे सासूचा हात सुनेकडेच राहतो.

तर नीराबाई वैतागून उठल्या, हातमोजे काढले, सूनबाईच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्या पोलादी हातांवर आपले हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाल्या, घे बाय, माझा हात घे. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सुजितने मोबाइलवर सगळं टिपलं.

आणि सूनबाई सोलायला लागली! एकही कोलंबी मोडली नाही, पाठीतला काळा धागासुद्धा अख्खा निघत होता. मी चेष्टेने विचारलं, आता घास कधी भरवणार ही? नीराबाई म्हणाल्या, तिला चूल तरी हाय का?

१३ नोव्हेंबर
नीराबाईंकडून कोलंब्या मोडतायत. भाकरी थापायला बसल्या तर पीठ परातीतच चिकटून राहिलं. दुखत नाही, बधिरही नाही. म्हणतात, हात इसरला गो.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले.

सूनबाई मात्र काम करता करता थांबते, एक बोट वर नेते आणि हवेतच काहीतरी चाचपते. नीराबाई अशाच नाकातली चमकी चाचपतात. मला आवडलं नाही ते.

१८ नोव्हेंबर
नीराबाईंना कामावरून कमी केलं. वर सत्कार! शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. नारळ त्यांच्या हातात टिकेना, घरंगळत मशीनखाली गेला. साहेब हसत म्हणाले, आता आराम करा. आराम! ज्या बाईला स्वतःचा अंबाडा घालता येत नाही तिने आराम करायचा. सकाळ-संध्याकाळ मीच भरवते. माझं पित्त खवळलं होतं, पण टाळ्या मीही वाजवल्या. नोकरीची भीती, दुसरं काय.

२० नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत आत गेले. टेबलावर कोलंबी नव्हती. सूनबाई एका हातावर दुसरा हात आपटत होती, फिरवत होती, पुन्हा आपटत होती.

भाकरी थापत होती.

बटण बंद केलं. तरी दोन थापा मारल्याच.

२१ नोव्हेंबर
नीराबाईंनी हट्टच धरला. सूनबाईने सोललेली कोलंबी आण, कालवण कर आणि तिच्या वतीने मला घास भरव. मनापासून भरवशील ना, असं पुन्हा पुन्हा विचारलं. म्हटलं, रोज भरवतेच की, आज काय वेगळं? पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

भरवला. ढसाढसा रडल्या.

२२ नोव्हेंबर
चमत्कार! पहाटे थापांच्या आवाजाने जाग आली. नीराबाई चुलीपुढे बसलेल्या, भाकरी टम्म फुगलेली. मी नाचलेच. मला मिठी मारतील असं वाटलं होतं. मान खाली घालून नुसत्या थापत राहिल्या.

२४ नोव्हेंबर
आज स्क्रू ड्रायव्हर हातातून निसटला. कुठल्या बाजूला पिळायचं तेच आठवेना. ब्लाऊजचे हूक लावायला किती वेळ लागला. दमले असेन.

२६ नोव्हेंबर
सूनबाई ओल्या टेबलावर बोटाने गिरवत होती. जवळ जाऊन बघितलं. ळ. शेपटीला गाठ असलेला. तसा फक्त मी काढते.

नीराबाईंना विचारलं. म्हणाल्या, घास कुणाच्या तरी हातचा लागतो गो. तिला तिचे हातच न्हाईत. जो भरवेल त्याचे जातात.

म्हणजे माहीत होतं. माहीत असून—

मी शिव्या घातल्या, वाट्टेल ते बोलले. त्या उठल्या, माझ्या मागे बसल्या आणि वेणी घालून दिली. काय सुरेख घातली.

२८ नोव्हेंबर
सूनबाई स्वतःचे स्क्रू स्वतःच पिळते. माझ्यासारखे, शेवटचा अर्धा आटा हळूच. सुजित खूश. मॅडम, आता तुमची गरज नाही पडणार.

वहिनीचा फोन आला होता. परत जायचं? तिने भरवायचं? आणि प्रत्येक घासाला बोलायचं? मरेन, पण—

३० नोव्हेंबर
पेन मुठीत धरलंय. दोन्ही मुठींत. अक्षरं मोठी मोठी होतायत. ळ जमत नाही.

शेजारच्या खोलीत नवी मुलगी आलीय. मृणाली. उद्यापासून कामावर. खूप हसते. मला पाणी पाजलं, केस मागे सारले. काय झालंय हेही विचारलं नाही. गुणी पोर.

नीराबाई कालवण करतायत. कोलंबी कुठली, मी विचारलं नाही. सूनबाईने सोललेली, मला माहीत आहे.

दुपार
मृणाली बाहेरून विचारतेय, ताई, मी भरवू का?

नाही म्हणणार आहे. तिला सगळं सांगणार. तिला आई आहे, लग्न ठरलंय, मेंदी लावायचीय. सगळं सांगणार. पळ म्हणणार.

ताट घेऊन येतेय. वास सुटलाय.

सांगते. देवाशपथ सांगते. आधी फक्त एक—