‘तीन मासे’ ते वरचा चौक

३ एप्रिल, सकाळी ७.
ठरलं! यंदा झ्रीदलोवच्या जुन्या गावाचा अधिकृत गाईड मीच. स्पा-ऑफिसची अट अगदी सोपी: महिना संपायच्या आत एका फेरीत वीस पाहुणे झऱ्याच्या मंडपापासून वरच्या चौकापर्यंत चालवत न्यायचे. जो नेईल त्याचं नाव हंगामभर मंडपातल्या बोर्डावर. एकवीस वर्षं मी हे गाव फुकट दाखवतोय, माझ्याशिवाय आहे कोण? डोकी मोजायला ओटाकार येतो म्हणालाय. शाळेपासूनचा मित्र, माझ्यासाठी जीव टाकेल.
संकल्प: थोडक्यात बोलणे. एका घराला दहा मिनिटं.

६ एप्रिल.
पाहुणे पंधरा. ‘तीन मासे’ या पहिल्याच घराच्या गॅलरीवर पन्नास मिनिटं गेली. पण गॅलरीच तशी आहे. वर पोचले दोन, त्यातली एक बाई तिथेच राहते.
मी बोलत असताना लोक झऱ्याच्या पाण्याचे चोचीचे कप तोंडाला लावून चक्क येरझाऱ्या घालत होते. उद्धटपणा! ओटाकारचं म्हणणं, अरे बाबा, पेशंट आहेत ते. पाणी गरम असतानाच घोट घोट प्यायचं आणि चालत राहायचं, हे या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तू त्यांना खांबासारखं उभं करतोस. मी विचारलं, डॉक्टरांना इतिहास कळतो का?
नवा नियम: कप माझ्या टोपलीत.

१३ एप्रिल.
पाहुणे बावीस! सगळ्यांचे भरलेले कप टोपलीत. काय शांतता होती! अर्ध्या तासाने एक जाडजूड बाई म्हणाली की पाणी गार झालं, आता पोटात दुखलं तर तुम्ही येणार का रात्री? कप उचलून चालू लागली. तिला आणायला ओटाकारला पाठवलं. मग बाकीच्यांनीही कप उचलले आणि दोघांना आणायला म्हणून गेले.
दुसऱ्या घरापाशी श्रोता एकच. तो बसची वाट बघत होता. बस आली.

१४ एप्रिल.
ड्राहा बाजारातून आली ती बातमी घेऊन. म्हणे काल ओटाकार माझ्याच पाहुण्यांना घेऊन वरच्या चौकाकडे चर्चच्या पायऱ्या चढत होता, सगळे कप हातात, हसतखिदळत. बायकोला कोणीही काहीही सांगतं. तो त्यांना गोळा करत असणार.

२० एप्रिल, ईस्टर.
ओटाकार आला नाही. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. ड्राहाने केलेला मेंढीच्या आकाराचा केक तसाच पडलाय. फोनवर म्हणाला की पुढच्या रविवारी त्याची स्वतःची फेरी आहे, रागावू नकोस. रागावू नकोस! ज्याला एका घराचं साल सांगता येत नाही, जो ‘हे जुनं, ते त्याहून जुनं’ एवढंच बोलतो, तो गाईड! केसाने गळा कापला माझा. खूप लागलंय मनाला.
ऑफिसला सहा पानी पत्र लिहिलं. पाठवलं नाही. आब राखला.

२६ एप्रिल.
योजना: उद्या वेष बदलून त्याच्या फेरीत घुसणे, चुका टिपणे, ऑफिसपुढे ठेवणे. ड्राहाला यातलं काही सांगितलेलं नाही. तीही उद्या मैत्रिणीकडे जाणार आहे.

२७ एप्रिल, दुपार.
मेव्हण्याची टोपी, काळा चष्मा. संशय नको म्हणून हातात कप. पहिल्या वळणापर्यंत अकरा चुका. पुढे चढ लागला, वही खिशात ठेवली. पाणी गरम होतं. चालता चालता बरं लागतं, हे मान्य करायला हवं.
वरच्या चौकात सगळ्यात पुढे ड्राहा! हातात कप. मैत्रिणीकडे म्हणजे इकडे!
ऑफिसच्या बाईंनी डोकी मोजली. अठरा, एकोणीस... आणि माझ्या टोपीला बोट लावून, वीस. टाळ्या पडल्या. ओटाकारने मला मिठी मारली. लेकाचा रडत होता. त्याने मला मंडपातच ओळखलं होतं.
घरी येताना ड्राहा म्हणाली की एकवीस वर्षांत आज पहिल्यांदा तुझ्यामुळे कोणाचा तरी आकडा पूर्ण झाला.